ड्राइव्ह बिघडला नाही, उपाशी आहे

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच गोष्टीबद्दल आहेत, ती म्हणजे छोट्या लॅपटॉपला बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. पहिलं पत्र लांबलचक आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब झालंय, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा लॅपटॉप ११ इंची आहे, त्यात डिस्क घालायला जागाच नाही. म्हणून बाहेरून लावायचा पातळ ड्राइव्ह घेतला. लावला की दिवा लागतो, डिस्क घातली की गरगरते, मग टक-टक असा आवाज येतो आणि सगळं शांत. स्क्रीनवर ड्राइव्ह दिसतो, गायब होतो, परत दिसतो. तोच ड्राइव्ह मुलाच्या मोठ्या कॉम्प्युटरला लावला तर एकदम मस्त चालतो. मुलगा म्हणतो लॅपटॉप गेला, विकणारा म्हणतो ड्राइव्ह बदलून देतो. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही नाही. ड्राइव्हला करंट पुरत नाहीये एवढंच. बदलून आणलात तर नवासुद्धा असाच टक-टक करणार.

असं बघा, या पातळ ड्राइव्हला वेगळा चार्जर नसतो, तो सगळी वीज यूएसबीच्या वायरीतूनच घेतो. साध्या यूएसबी २ पोर्टने नियमाप्रमाणे द्यायचा करंट म्हणजे ५ व्होल्टला ५०० मिलिअँप, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३ ला ९०० मिलिअँप, म्हणजे साडेचार वॅट. आता ड्राइव्ह उलटा करून खालचं लेबल वाचा, बऱ्याच ड्राइव्हवर ५ व्होल्टच्या पुढे १ ते दीड अँपच्या आसपासचा किंवा त्याहूनही मोठा आकडा असतो. तो काही सतत लागत नाही. थांबलेली डिस्क पहिल्यांदा जोरात फिरवताना मोटर एकदम ओढ घेते, त्याच वेळी आतलं लेन्सचं गाडंही पुढेमागे सरकत असतं, तेव्हाचा तो आकडा. एकदा डिस्क नीट फिरायला लागली की मागणी बरीच खाली येते. पण तुमचा लॅपटॉप त्या पहिल्या एक-दोन सेकंदांतच हात वर करतो, व्होल्टेज पडतं, ड्राइव्हचा मेंदू रीसेट होतो आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो. तुम्हाला दिसतंय-गायब होतंय ते हेच, आणि टक-टक आवाज म्हणजे लेन्स परत परत आपल्या सुरुवातीच्या जागी जाते त्याचा.

मग मोठ्या कॉम्प्युटरवर का चालतो? कारण तिथले पोर्ट सढळ हाताचे असतात, नियम ५०० म्हणत असला तरी ते गरजेला जास्त देऊन टाकतात, कोणी अडवत नाही. छोट्या लॅपटॉपमध्ये बॅटरी लहान, सगळंच काटकसरीचं, तिथे पोर्टवर करंट मोजणारी चिप असते आणि ती कंजूष असते.

आता करायचं काय ते मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने सांगतो. आधी लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि माउस, पेन ड्राइव्ह वगैरे बाकी सगळं काढून टाका. मग दुसरा पोर्ट वापरून बघा. आत निळी पट्टी असलेला पोर्ट बहुतेक वेळा यूएसबी ३ चा असतो आणि ज्याच्या शेजारी विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे तो मोबाइल चार्ज करायचा पोर्ट, तो साधारणपणे जास्त करंट देतो, पहिली पसंती त्याला. टाइप सी पोर्ट असेल तर अजून बरं, काही सी पोर्ट ५ व्होल्टला दीड अँप तर काही ३ अँपपर्यंत देतात, पण सगळेच देतात असं नाही, सीचं तोंड असून आत ५०० किंवा ९०० वालाच हिशोब असलेलेही असतात, त्यामुळे नुसता आकार बघून खूश होऊ नका.

तेवढ्याने भागलं नाही तर वायर बघा. हा मुद्दा सगळे सोडून देतात आणि मी स्वतः यात चांगला आपटलोय. टेबलाच्या मागून ड्राइव्ह आणायचा म्हणून दोन मीटरची बारीक एक्स्टेंशन लावली होती, वाचायला कसंबसं चालायचं पण बर्न करायला, म्हणजे डिस्कवर लिहायला घेतलं की मध्येच बंद, तीन कोऱ्या डिस्क वाया घालवल्या आणि शिव्या घातल्या त्या डिस्कना. नंतर हिशोब केला. स्वस्त केबलच्या आतली विजेची तार बहुतेक २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक), तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. करंट जातो एका तारेने आणि परत येतो दुसरीने, म्हणजे दोन मीटर केबलमध्ये चार मीटर तार, ०.८५ ओहमच्या आसपास. १ अँप ओढला की ०.८५ व्होल्ट वायरीतच गेले, ड्राइव्हपर्यंत पोचले जेमतेम ४.१५. त्यात कुठला तो फिरणार. आखूड, जाडसर केबल, आतली तार २४ गेजची असली तर मीटरला नुकसान निम्म्याहूनही कमी होतं. एक्स्टेंशन तर नकोच.

तरीही नाही झालं तर वाय केबल. म्हणजे ड्राइव्हकडे एक टोक आणि लॅपटॉपकडे दोन, एका टोकातून डेटा आणि वीज, दुसऱ्यातून फक्त वीज. दोन पोर्टचा करंट एकत्र होतो. फक्त-वीजवालं टोक आधी लावायचं, डेटाचं नंतर, म्हणजे ड्राइव्ह जागा होतो तेव्हा दोन्हीकडून पुरवठा तयार असतो. गंमत अशी की छोट्या लॅपटॉपला एक पोर्ट डावीकडे आणि एक उजवीकडे असतो आणि वाय केबलचं दुसरं टोक नेमकं चार बोटं कमी पडतं, त्यामुळे लांबी बघूनच घ्या. फक्त-वीजवालं टोक मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरलाही लावता येतं, काम होतं. पण अशी वाय केबल यूएसबीच्या अधिकृत नियमांत बसत नाही हे माहीत असू द्या, कारण चार्जरचा करंट उलटा लॅपटॉपच्या पोर्टात शिरू शकतो. काम झालं की दोन्ही टोकं काढायची, लॅपटॉप बंद करून चार्जर तसाच चालू ठेवायचा नाही.

मला विचाराल तर कायमचा इलाज म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी. त्याचा अडॅप्टर भिंतीतून वीज घेतो आणि लॅपटॉपवर फक्त डेटाचा भार राहतो. बिनाअडॅप्टरचा हब मात्र घेऊ नका, तो एकाच पोर्टच्या त्या ५०० मिलिअँपमधले १०० स्वतःला ठेवून बाकीचे चौघांत वाटतो, नियमाने एकेकाच्या वाट्याला १०० येतात. आधीच उपाशी असलेल्याला पंगतीच्या शेवटी बसवण्यासारखं आहे ते.

प्रश्न : नवा ड्राइव्ह घ्यायचा आहे. एकावर यूएसबी ३ आणि ८एक्स, २४एक्स असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, दुसरा यूएसबी २ चा आहे पण आकडे तेच. ३ वाला जास्त फास्ट चालेल का?

उत्तर : डीव्हीडीसाठी नाही चालणार, आणि हे गुणाकार करून बघता येतं. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, २४एक्स म्हणजे साडेतीन एमबीच्या थोडं वर. डीव्हीडीचा १एक्स जवळपास १.३८ एमबी, ८एक्स म्हणजे ११ एमबी. यूएसबी २ कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास सहज देतो. म्हणजे रस्ता तिप्पट रुंद आहे, गाडी एकच. शिवाय तो ८एक्स फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो, आतल्या बाजूला निम्माही नसतो. यूएसबी ३ चा खरा फायदा वेगाचा नाही तर करंटचा, ९०० मिलिअँप मिळतात ते, आणि तेसुद्धा लॅपटॉपचा पोर्ट ३ चा असेल तरच. ब्लू-रे घेणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे १एक्स म्हणजे साडेचार एमबी, ६एक्सला २७ होतात, तिथे २ चा पोर्ट अगदी काठावर येतो, ३ च घ्या. आणि ब्लू-रे बर्नर आणखी खादाड असतो, त्याला अडॅप्टरवाला हब आधीच धरून चाला.

मी एक्सचे आकडे न बघता तीन गोष्टी बघतो. एक, वायर काढता येते का. खालच्या खाचेत गुंडाळलेली चिकटवलेली वायर दिसायला छान, पण ती वाकून वाकून तुटली की ड्राइव्ह टाकून द्यायचा. दोन, बाजूला ५ व्होल्टचं वेगळं छोटं भोक आहे का, असेल तर डोळे झाकून तो घ्या, पुढची सगळी कटकट वाचते. तीन, ट्रेवाला की फटीवाला. फटीत डिस्क सरकवायचा ड्राइव्ह रुबाबदार दिसतो, पण ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क त्यात घालायच्या नसतात, आत अडकल्या की पंचाईत. मी ट्रेवालाच घेतो, डिस्क खुंटीवर टक् करून बसली की जीवाला बरं वाटतं.

प्रश्न : बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह काढून ठेवलाय. त्याला बाहेरून वापरता येईल का?

उत्तर : येईल की, त्यासाठी रिकामे डबे मिळतात, आत यूएसबीची पट्टी असते. जाडी मोजून घ्या, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन मापांचे ड्राइव्ह जास्त करून असतात, डबा त्याच मापाचा हवा. मागची पिन बघा, साटा (नव्या प्रकारची जोडणी) असेल तर चपट्या पट्ट्या दोन तुकड्यांत दिसतील, फार जुना असेल तर एकच रुंद आयडीईची (जुन्या प्रकारच्या जोडणीची) पिन असते, दोघांचे डबे वेगळे. लॅपटॉपचा ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतो म्हणून हे जमतं. मोठ्या कॉम्प्युटरमधल्या जाड ड्राइव्हला १२ व्होल्टसुद्धा लागतात, तो यूएसबीच्या विजेवर कधीच चालणार नाही, त्याला स्वतःचा अडॅप्टर पाहिजेच.

प्रश्न : ड्राइव्हच्या बाजूच्या भोकात घरातल्या राउटरची पिन बरोबर बसते. लावू का?

उत्तर : थांबा! पिन बसणं आणि व्होल्ट जुळणं यांचा काहीएक संबंध नाही. बरेच राउटर ९ किंवा १२ व्होल्टवर चालतात आणि ५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये १२ गेले की त्याचा खेळ तिथेच संपला. अडॅप्टरवर ५ व्होल्ट लिहिलेलं हवं, अँपचा आकडा ड्राइव्हच्या लेबलाइतका किंवा जास्त (जास्त असला तर चालतो, ड्राइव्ह लागेल तेवढाच ओढतो), आणि प्लस-मायनसचं गोल चित्र दोन्हीकडे सारखं हवं. यातलं एक जरी जुळलं नाही तरी नको.

प्रश्न : वाचायला सगळं नीट चालतं, डीव्हीडी राइट करताना मात्र शेवटी-शेवटी एरर येते.

उत्तर : राइट करताना लेसरला जास्त वीज लागते आणि कडेकडे वेगही वाढत जातो, म्हणून वाचताना नीट चालणारा ड्राइव्हही तिथे दम सोडतो. वरचे विजेचे उपाय करा आणि सॉफ्टवेअरमध्ये वेग ८एक्सवरून ४एक्सवर आणा. राइट चालू असताना लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग ठेवा. आणि ड्राइव्ह टणक, सपाट जागी ठेवा, गादीवर नाही, डिस्क मिनिटाला चार-साडेचार हजार फेरे घेत असते, तिला डुगडुग चालत नाही.

प्रश्न : ड्राइव्ह दिसतो, फाइली उघडतात, पण सिनेमाची डीव्हीडी चालत नाही. यालाही करंट कमी?

उत्तर : नाही हो, प्रत्येक दुखण्याला तेच औषध नाही. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय विंडोजमधून काढून टाकली, व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, फुकट आहे. तरी नाही चालला तर रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे तो आकडा बघा, ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो आणि मग तो कायमचा तिथेच अडकतो, तेव्हा उगाच बदलत बसू नका.

प्रश्न : डिस्क आत आहे आणि ट्रे उघडतच नाही.

उत्तर : वायर काढा, कागदाची पिन सरळ करा, पुढच्या बारीक भोकात सरळ घालून हळू दाबा. ट्रे थोडा बाहेर येतो, बाकीचा हाताने ओढा. डिस्क फिरत असताना हे करायचं नाही.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या फोटोंच्या चार-पाच डिस्क आणि एका सॉफ्टवेअरची एक, बस. त्यासाठी ड्राइव्ह घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. ज्याच्याकडे ड्राइव्ह आहे अशा कोणाकडे एक दुपार बसा, फोटो पेन ड्राइव्हवर कॉपी करा, सॉफ्टवेअरच्या डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, बनवून घ्या. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती डिस्कसारखीच उघडते. एका डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांची असेल तर ८.५, सीडीत ७००-एक एमबी, तेव्हा तुमचं सगळं ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुतेक मावेल. फोटोंच्या डिस्क फार जुन्या असतील तर मात्र हे या महिन्यातच करा, घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंगाचा थर हळूहळू उतरतो, आणि तो उतरला की कितीही करंट दिला तरी उपयोग नाही.