हॅलोविनच्या रात्री एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत जायचंय? मग एवढं बघ

जरूर जा. पण बारा वाजण्याची वाट कशाला? ३१ ऑक्टोबरला स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सहाला पुरेसा अंधार असतो आणि आजूबाजूला माणसंही असतात. बाराला भेटतात ते बहुतेक प्यायलेले.

नवखे तीन ठिकाणी चुकतात.

- सगळ्या दफनभूमी रात्री उघड्या असतात असं धरून चालतात. ग्रेफ्रायर्स असते, अमेरिकेत मात्र अनेक ठिकाणी सूर्यास्तानंतर आत जाणं बेकायदा आहे.
- दफनभूमीतल्या 'कव्हेनंटर्स प्रिझन'च्या फाटकावरून चढू बघतात. १६७९ मध्ये इथे शेकडो कव्हेनंटर्स, म्हणजे राजाच्या चर्चधोरणाला विरोध करणारे स्कॉटिश प्रॉटेस्टंट, कैदी म्हणून उघड्यावर ठेवले होते. तो भाग कुलूपबंद असतो, आत जायचं तर मार्गदर्शकाबरोबर. हॅलोविनची तिकिटं लवकर संपतात, आजच काढ.
- कबरींवर बसतात, टेकतात, फोटोसाठी चढतात. दगड जुने आहेत, काही सैल झालेत. अंगावर आला तर भूत परवडलं. कव्हेनंटर्सवर खटले चालवणारा सरकारी वकील जॉर्ज मॅकेन्झी इथेच पुरलाय, त्याचं भूत फिरतं म्हणतात; त्याच्या थडग्यातून कवटी काढणाऱ्या दोन मुलांवर २००४ मध्ये खटला चालून शिक्षा झाली.

कपडे साधेच, वॉटरप्रूफ जॅकेट आणि न घसरणारे बूट. टॉर्च जमिनीकडे धर, लोकांच्या डोळ्यांत नको. कबरींवरचे लोखंडी पिंजरे मात्र चुकवू नकोस. भुतांना कोंडायला नाहीत ते. शरीरशास्त्राच्या वर्गांना प्रेतं विकणाऱ्या चोरांपासून मुडदे वाचवायला बसवलेले. मला तरी मॅकेन्झीच्या भुतापेक्षा हेच जास्त भयंकर वाटतं.

भूतबाधेच्या कहाण्या आधी वाचू नकोस, गाइड सांगेलच. आणि घरी आईला आधी सांगायचं की नंतर, ते तुझं तू ठरव!