बारूख सापडत नाही!

प्रश्न : माझं माहेर मिरजेचं, प्रॉटेस्टंट. सासर सांगलीत, कॅथलिक. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत ‘बारूख’मधलं वाचन ऐकलं. माहेरच्या बायबलात शोधलं, तर ते पुस्तकच नाही! शिवाय इस्राएली लोक समुद्र ओलांडून गेले आणि मागचं मिसरी (म्हणजे इजिप्तचं) सैन्य घोड्यांसकट बुडालं, ते वाचन. माझ्या मुलानं भर चर्चमध्ये विचारलं, “घोड्यांनी काय केलं होतं?” आनंदाच्या रात्री हे वगळता येत नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बारूखचं आधी उरकतो. तुमच्या माहेरच्या बायबलात 66 पुस्तकं, आमच्या कॅथलिक बायबलात 73. जास्तीची 7 जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातली. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक बहुतेक ग्रीक भाषेतला जुना करार वाचत, त्यात ती होती. प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी ज्यूंची हिब्रू यादी प्रमाण मानली, तिच्यात ती नव्हती. त्यांच्यातल्या लूथरने 1534 च्या बायबलात ती वेगळी काढून छापली. 1546 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने ती पवित्र शास्त्रच आहेत, असं ठासून सांगितलं. पुढे 1826 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने या पुस्तकांच्या छपाईला पैसे देणंच थांबवलं. तेव्हा माहेरच्या बायबलातली पानं कुणी फाडलेली नाहीत, काळजी नको. पण बारूख वाचाच. देव ताऱ्यांना हाक मारतो आणि ते “आलो” म्हणतात, ते त्या रात्रीच्या वाचनातच आहे.

आता घोडे. त्या रात्री जुन्या करारातली 7 वाचनं असतात. लेकरं पेंगतात, म्हातारी माणसं कूस बदलतात, म्हणून धर्मगुरू ती कमी करू शकतात. तीनवर, फारच अडचण असेल तर दोनवर. पण समुद्र ओलांडण्याचं वाचन गाळायला परवानगी नाही. का, ते थोड्या वेळाने कळतं, फक्त तोवर आपलं लक्ष मेणबत्तीचं मेण बोटावर ओघळू न देण्यात असतं! त्याच रात्री पुढे येणारी बाप्तिस्म्याच्या पाण्यावरची प्रार्थना नीट ऐका. सृष्टीच्या आरंभीचं पाणी, नोहाचा पूर, तांबडा समुद्र, यार्देन नदी, ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेलं रक्त आणि पाणी, सगळं क्रमाने येतं. तारणाचा अख्खा इतिहास त्या एका भांड्यावर म्हटला जातो. समुद्र गाळला तर मधला दुवाच तुटेल.

आणि पाणी बुडवतं, हे 2019 चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराला मी काय सांगावं? प्रेषित पौल रोमकरांना पत्रात तेच लिहितो: बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं. त्या रात्री बुडायचं असतं ते आपल्यातल्या फारोने, मिसरच्या त्या हट्टी राजाने.

तरीही मुलाचा प्रश्न रास्तच आहे, त्याला गप्प बसवू नका. कॅथलिक चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्वच्छ मान्य केलंय की जुन्या करारात काही अपूर्ण आणि तात्पुरत्या गोष्टी आहेत; देव माणसाला टप्प्याटप्प्याने शिकवत होता. त्याला सांगा, घोड्यांनी काहीच केलं नव्हतं. फारोच्या हट्टापायी गेले बिचारे.