वाचकांचे प्रश्न : विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती

प्रश्न : माझे वडील १९७० मध्ये ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, फिटर म्हणून लागले आणि मिग-२१ च्या जुळणीवर त्यांनी बरीच वर्षे काम केले. सप्टेंबर २०२५ मध्ये हे विमान हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात तो विषय सारखा येतो. त्यांच्या पंचाहत्तरीला मी स्वतः जुळवलेली मिग-२१ ची प्रतिकृती द्यावी, असे मनात आहे. यापूर्वी मी दोन-तीन लहान किट पूर्ण केले आहेत. कोणते किट घ्यावे आणि रंगकाम कसे करावे? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : किट मागवण्याआधी वडिलांना एक गोष्ट जरूर विचारावी, ती म्हणजे त्यांनी मिग-२१ च्या नेमक्या कोणत्या प्रकारावर काम केले. मिगच्या उत्पादनासाठी १९६४ मध्ये कारखाने उभारण्याचे ठरले, तेव्हा विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. ओझरहून प्रथम 'एफएल', नंतर 'एम' आणि शेवटी 'बिस' हे प्रकार बाहेर पडले. १९७० मध्ये रुजू झालेल्या फिटरच्या हाताखालून सुरुवातीला एफएल गेले असणार, आणि पुढच्या काळात बाकीचे दोन्ही प्रकार.

दुरून तिन्ही विमाने एकच वाटतात, पण जुळणी करणाऱ्याला ती तशी वाटणार नाहीत. एफएलची कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, समोरच्या काचेसह अखंड असून ती पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते. एममध्ये आणि बिसमध्ये समोरची काच पक्की असते आणि मागचा भाग वैमानिकाच्या उजव्या हाताला कलतो. एफएलच्या नाकावरची लांब पिटो नळी (विमानाचा वेग मोजण्यासाठीची) वर अगदी मध्यरेषेवर असते, तर पुढच्या दोन प्रकारांत ती उजवीकडे सरकलेली दिसते. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या जागा दोन, एम आणि बिसच्या चार. कॅनोपीच्या मागून शेपटीकडे जाणारा पाठीचा फुगवटा एफएलमध्ये सडपातळ असतो आणि बिसमध्ये सर्वांत जाड, कारण त्यात इंधनाची टाकी वाढवलेली आहे. ज्या माणसाने आयुष्यभर हे भाग हाताळले, त्याच्या हातात चुकीच्या पाठीचे विमान देणे मला योग्य वाटत नाही. म्हणून 'मिग-२१' एवढेच नाव पाहून किट घेऊ नये.

माझी शिफारस १/४८ या प्रमाणाची आहे. मिगच्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर असतो. म्हणजे १/७२ मध्ये तो जेमतेम १० सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये सुमारे १५ सेंटिमीटर भरतो. पंचाहत्तरीतल्या नजरेला कॉकपिटमधली घड्याळे दिसायची असतील, तर हा फरक मोलाचा आहे. या प्रमाणात चेक कंपनी एडुआर्डने पीएफ, पीएफएम, एमएफ आणि बिस असे सोव्हिएत नावांचे वेगवेगळे प्रकार काढले आहेत. एफएलसाठी पीएफ जवळचा पडतो, मात्र शेपटीचा उभा पंख रुंद आहे आणि ब्रेक पॅराशूटची नळकांडी त्याच्या बुडाशी आहे, याची खात्री करून घ्यावी. एमसाठी एमएफ चालतो. बाहेरून दोहोंत फार थोडा फरक आहे.

जुळणीविषयी दोन गोष्टी सविस्तर सांगायला हव्यात. पहिली सांध्यांची. प्लास्टिकच्या किटसाठी मिळणारे पातळ सिमेंट हे खऱ्या अर्थाने चिकटवणारे द्रव्य नसते; त्यातील द्रावक पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन्ही बाजू एकमेकींत मिसळून एकजीव होतात. त्यामुळे आधी धडाचे दोन्ही अर्धे भाग कोरडेच जुळवून पाहावेत, मास्किंग टेपने धरावेत आणि मग फटीवर ब्रशचे टोक नुसते टेकवावे. सिमेंट केशाकर्षणाने आपोआप आत धावते. बोट त्या फटीवर आले, तर ठसा कायमचा उमटतो. सांधा पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, त्याला कागद लावू नये, कारण मऊ प्लास्टिक घासले की पुढे ते आकसते आणि तिथे पन्हळ दिसू लागते. धड बंद करण्यापूर्वी नाकातल्या शंकूच्या मागे शिशाच्या गोळ्या पक्क्या बसवायला विसरू नये, अन्यथा तीन चाकांवर उभे राहण्याऐवजी विमान शेपटीवर बसेल. पिटो नळी प्लास्टिकची ठेवल्यास ती कधी ना कधी मोडते. तिच्या जागी इंजेक्शनच्या बारीक सुईचा तुकडा बसवला, तर ती शोभते आणि टिकते.

दुसरी गोष्ट रंगाची. त्या काळातले एफएल रुपेरी धातूच्या रंगात असत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतील अनेकांवर कॅमफ्लाज चढवला गेला. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागणारी मिग विमाने एफएलच होती, त्यामुळे युद्धातले विमान करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही आपल्या वडिलांसाठी मी रुपेरी विमानच करीन, आणि तेही हँगरमधून नुकतेच बाहेर काढल्यासारखे. धुराचे डाग, तेलाचे ओघळ, उडालेला रंग यांचे हल्ली फार कौतुक होते आणि त्यात कसबही लागते. पण ते विमानाच्या पुढच्या आयुष्याचे चित्र आहे. आपल्या वडिलांनी हवाई दलाच्या हवाली केलेले विमान कोरे करकरीत होते.

रुपेरी रंग मात्र फार कठोर परीक्षक आहे. हिरव्या किंवा राखाडी रंगाखाली दडून जाणारा प्रत्येक ओरखडा धातूच्या रंगात उठून दिसतो. प्राइमर मारल्यावर सांधा तिरप्या प्रकाशात तपासावा, लागेल तिथे पुट्टी भरावी, आणि गाड्या रंगवणाऱ्यांकडे असतो तो वॉटर पेपर पाण्यात भिजवून ६०० पासून २००० नंबरापर्यंत चढत जावे. त्यावर चकचकीत काळ्या रंगाचा एकसंध थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच धातूचा लॅकर (झटपट वाळणारा द्रावकाचा रंग) अगदी पातळ थरांत एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशने, मारावा. खालचा काळा थर जितका गुळगुळीत, तितकी धातूची झळाळी खरी वाटते. शेपटीकडचे, इंजिनभोवतीचे काही पत्रे किंचित गडद छटेत वेगळे काढले, तर सगळे विमान एकाच पत्र्याचे असल्याचा भास होत नाही. शेवटी राहतो क्रमांक. हवाई दलाच्या मिग-२१ लढाऊ विमानांचे क्रमांक 'सी' या अक्षराने सुरू होतात. एखादा क्रमांक वडिलांच्या स्मरणात असेल, तर तोच विमानावर लिहावा.

प्रश्न : श्रावणात मी एका प्रतिकृतीला लॅकर रंग मारला, तर वाळल्यावर त्यावर पांढुरकी झाक आली. मध्येच एअरब्रशमधून पाण्याचे थेंबही उडाले. रंग खराब आहे का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : रंग चांगला आहे, हवा दमट होती. लॅकरमधील द्रावक फार वेगाने उडतो, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग क्षणभर थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमून थरात अडकते. हलकी झाक असेल, तर कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा एक पुसटसा फवारा पुरतो. थर पुन्हा किंचित मऊ होऊन ओलावा निघून जातो. झाक दाट असेल, तर वॉटर पेपरने घासून पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही. थेंब आले ते कॉम्प्रेसरमधून. दमट हवा दाबली की तिच्यातील पाणी टाकीत साठते, म्हणून काम संपल्यावर टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढावे आणि नळीवर वॉटर ट्रॅप बसवावा.

नाशिकच्या हवेनुसार कामाचे वेळापत्रक आखणे हाच यावरचा खरा उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे. आषाढ-श्रावणात कॉकपिट, सांधे आणि घासकाम उरकावे, आणि फवारणीचे मोठे काम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उलटा त्रास होतो : रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अर्धवट वाळतो आणि थर खरखरीत बसतो. तेव्हा थिनर थोडा वाढवावा आणि सकाळी लवकर काम करावे. एरवी ०.३ मिलिमीटरच्या नोझलसाठी रंग दुधाइतका पातळ आणि दाब १५ ते २० पीएसआय ठेवला, की बहुतेक रंग नीट बसतात. लवकर वाळावे म्हणून प्रतिकृती कडक उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. पातळ पंख वाकू शकतात.

प्रश्न : डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चिन्ह) लावल्यावर हवाई दलाच्या चक्राभोवतीची पारदर्शक कड चंदेरी दिसते. नीट दाबूनही ती जात नाही. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असतो. त्याच्या खळग्यांवर डेकलची फिल्म ताणून बसते, खाली हवा राहते, आणि ती हवा चंदेरी दिसते. म्हणून डेकल लावण्यापूर्वी चकचकीत क्लिअर कोट द्यावा, कोमट पाण्यात भिजवून सैल झालेला डेकल त्यावर सरकवावा, खालचे पाणी कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे काढावे आणि मग डेकल मऊ करणारे सेटिंग सोल्युशन लावावे. ते लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतात. घाबरून हात लावू नये, वाळताना त्या आपोआप बसतात. हवाई दलाचे केशरी, पांढरे, हिरवे चक्र पॅनेलच्या खाचांवर येत असेल, तर फिल्म त्या खाचेत उतरली की चक्र रंगवल्यासारखे दिसते. सगळे वाळल्यावर हवा तो मॅट कोट मारता येतो. आता जे चंदेरी झाले आहे, त्याला बारीक सुईने टोचून पुन्हा सोल्युशन लावून पाहावे. पुष्कळदा निम्मे काम होते.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला हा छंद सुरू करायचा आहे. सुरी आणि ग्लूची मला काळजी वाटते. (एक पालक, पंचवटी)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण तेवढ्यासाठी त्याला थांबवू नये. पहिले किट १/७२ प्रमाणातील, एका पंख्याच्या इंजिनाचे, मोजक्या भागांचे असावे. रंग, ब्रश आणि ग्लू यांसह मिळणारे स्टार्टर संच याच कामासाठी असतात. स्पिटफायर किंवा हरिकेन निवडल्यास त्याला आपल्या हवाई दलाच्या इतिहासाशीही नाते जोडता येईल, कारण ही दोन्ही विमाने आपल्या दलाने वापरली आहेत. सुरुवातीला रंग ब्रशनेच आणि पाण्यात मिसळणारेच द्यावेत; एअरब्रशची घाई नको. भाग चौकटीतून तोडण्यासाठी साइड कटर द्यावा आणि सुरी फक्त उरलेला बोंडा काढण्यासाठी, तीही कटिंग मॅटवर, बोटांच्या विरुद्ध दिशेला आणि मोठे कोणी शेजारी असताना. बोथट पाते अधिक घातक असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो, म्हणून पाते वेळेवर बदलावे. ग्लूची बाटली उघडली की खिडकी उघडी हवी. इन्स्टंट ग्लू त्याच्या हाती देऊच नये. तो कातडी चिकटवतो आणि त्याच्या वाफेने पारदर्शक कॅनोपी कायमची धुरकट होते. कॅनोपीसाठी शाळेतला पांढरा ग्लू उत्तम, कारण तो वाळल्यावर दिसत नाही.

प्रश्न : संदर्भासाठी ओझर विमानतळावर जाऊन सुखोईचे फोटो काढले तर चालेल का? (एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : नाही. तो संरक्षण खात्याशी निगडित विमानतळ आहे आणि अशा ठिकाणी छायाचित्रणास मनाई असते. प्रवासी म्हणून गेलात तरी मोबाइल खिशात ठेवावा. इतर विमाने जवळून पाहण्यासाठी दिल्लीत पालमचे हवाई दल संग्रहालय आणि बेंगळुरूतील एचएएलचे संग्रहालय आहे. तेथे छायाचित्रणाचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्यावेत, आणि परवानगी असल्यास संपूर्ण विमानापेक्षा चाकांची पोकळी, चाकांचे दांडे, इंजिनाचे तोंड आणि पंखाची मागची कड यांचे फोटो अधिक घ्यावेत, कारण किटच्या माहितीपत्रकात नेमके हेच भाग कधीच पुरेसे दाखवलेले नसतात.