कॅलिफोर्नियात हरणाच्या शिकारीसाठी .३०८ रायफलमध्ये तांब्याची कोणती गोळी घ्यावी? आजवर शिशाची १६५ ग्रेनची वापरत होतो.

१५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घ्या, म्हणजे शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलकी. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, शिशाची ११.३४, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ १२ इंचाला एक फेरा असा मंद असेल, तर लांब गोळी हवेत नीट स्थिरावेलच असं नाही. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण वेग. तांबं कडक असतं. गोळीचं तोंड उमलायला आदळताना पुरेसा वेग लागतो, आणि हलकी गोळी नळीतून जास्त वेगाने सुटते. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीत उमलण्याचा किमान वेग दिलेला असतो. बऱ्याच गोळ्यांचा तो सेकंदाला १,८०० ते २,००० फूट असतो. तुमच्या गोळीचा वेग ज्या अंतरावर त्याखाली जातो, तिथून पुढे चाप ओढू नका. जनावर जखमी होऊन पळणं फार वाईट.

मी स्वतः १५० ग्रेनचीच वापरतो. मांसात शिशाचे कण उरत नाहीत, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आतडी मागे राहिली तरी ती खाणाऱ्या कॉंडॉर गिधाडांना विषबाधा होत नाही. राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे ती त्यांच्यासह इतर वन्यजीवांना वाचवण्यासाठी.

मात्र प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते. नळी स्वच्छ करून दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या निशाण्यावर झाडून बघा आणि रायफलवरची दुर्बीण नव्याने जुळवा.