सायकल येते, पण रस्त्यावर पाठवायचे कसे?

आठवीतल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या, की आमच्या भागातील पालक एकच काळजी घेऊन येतात: मुलगी गावात सायकल छान चालवते, पण मोठ्या रस्त्यावर पाठवायला मन धजावत नाही. अशाच एक आई मला शाळेत भेटल्या. शाळा चार किलोमीटरवर, शेवटचा टप्पा राज्यमार्गाचा, आणि गळीत हंगामात त्यावरून उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर. "मॅडम, सायकल परत देता येईल का?" असेच त्यांनी विचारले.

मी म्हटले, "ताई, तुमची भीती रास्त आहे, पण आधी तिला काय येते ते पाहू." तोल सांभाळणे आणि रस्त्यावर सायकल चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मुलांना सहसा कोणी शिकवतच नाही. मैदानावर फक्कीने सरळ रेघ आखली. रेघेवरून सायकल चालवत मुलीने उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे आणि आईने किती बोटे दाखवली ते सांगायचे. पहिल्या वेळी मान वळताच हँडलही वळले आणि चाक हातभर उजवीकडे सरकले. रस्त्यावर नेमके तेवढ्याच अंतरावरून मागची मोटारसायकल जात असते. रोजच्या सरावाने रेघ सुटेनाशी झाली, तेव्हाच आम्ही रस्त्याचा विषय काढला.

"समोरची गाडी दिसते, म्हणून उजव्या कडेने जा," असे वडिलांनी तिला सांगितले होते. हा सल्ला पायी चालणाऱ्यासाठी योग्य आहे. सायकलने मात्र डावीकडूनच जायचे, कारण फाट्यावरून वळणारा चालक उलट्या दिशेने सायकल येईल अशी अपेक्षा करत नाही. ट्रॉलीबाबत मी अधिक कठोर आहे. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आतून जाते, म्हणून ट्रॅक्टर आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये कधीही शिरायचे नाही. खाली उतरून साइडपट्टीच्या पलीकडे थांबायचे. ओढणी गाठ मारून कमरेला बांधायची, डबा हँडलला न अडकवता दप्तरात ठेवायचा, आणि निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहायचे.

सुरुवातीला वडील मोटारसायकलवरून तिच्या मागे राहिले. हंगाम सुरू झाल्यावर राज्यमार्गाचा टप्पा सायकल हातात धरून साइडपट्टीवरून चालत पार करायचा, असे आईने ठरवले. मुलीला ते कमीपणाचे वाटले, तरी मी आईच्या बाजूने उभी राहिले आणि मुलीला तिच्यासमोरच त्याचे कारण समजावून सांगितले.