वळणावर झुकणारी गाडी आणि स्टॅबिलायझर बार

प्रश्न : आमची फॉर्च्युनर १ लाख ३० हजार किलोमीटर चालली आहे. सात माणसं बसली की धारूरच्या घाटात गाडी खूप झुकते, मागच्यांना मळमळतं. गॅरेजवाले जाड स्टॅबिलायझर बार टाका म्हणतात. टाकावा का?
– एक वाचक, केज

उत्तर : लगेच नको. एवढ्या किलोमीटरनंतर आधी जुना बार काम करतोय का ते पाहा. स्टॅबिलायझर बार म्हणजे गाडीखाली आडवी बसवलेली स्टीलची दांडी. तिची दोन टोकं लिंक रॉडने (छोट्या जोडदांड्याने) दोन्ही बाजूंच्या चाकांकडे जोडलेली असतात आणि मधला भाग रबरी डी-बुशमध्ये (बार धरणाऱ्या डी आकाराच्या रबरात) फिरतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली गेलं की तो पिळला जातो, आणि त्या पिळाचा जोर गाडीचं झुकणं कमी करतो. लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये तीन-चार मिलिमीटर प्ले (ढिलेपणा) झाला असेल, तर तेवढी गाडी झुकेपर्यंत बार कामालाच लागत नाही. जाड बार टाकूनही तो प्ले तसाच राहील.

गाडी सपाट जागी पिटवर घ्या, चारही चाकं टेकलेली हवीत. लिंक हाताने जोरात हलवा. टक्‌टक्‌ जाणवलं तर लिंक गेली. डी-बुशजवळ टॉमी (लोखंडी पहार) लावून बार उचला. बुश आणि बार यांच्यात फट दिसली तर बुश बदला. या दोन्ही वस्तू बारच्या मानाने फार स्वस्त आहेत.

शॉकअपचं वेगळं. समृद्धी महामार्गाच्या जालना इंटरचेंजसारख्या लांब, एकसारख्या वळणावर गाडी किती झुकेल हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. घाटात डावं-उजवं पटापट घेताना ती किती वेगाने झुकेल हे शॉकअप ठरवतो. लांब वळणावर गाडी ठीक राहते आणि घाटात मात्र डोलते, असं असेल तर दोष बहुतेक शॉकअपमध्ये आहे. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी दिली आहे तेवढी ठेवा आणि टपावरचं सामान खाली घ्या.

एवढं करूनही झुकणं खटकलं तरच जाड बारचा विचार करा. तेव्हा हे गणित लक्षात ठेवा : भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २६ मिलिमीटरऐवजी २८ घेतला की ताठपणा सुमारे ३४ टक्के वाढतो. ३२ घेतला तर तो जवळपास २.३ पट होतो. (झुकणं तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण स्प्रिंगचा वाटा तसाच राहतो.) जुना बार वर्निअरने मोजा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच वाढवा. पुढचा आणि मागचा एकाच कंपनीच्या जोडीत मिळत असेल तर जोडी घ्या, नाहीतर फक्त पुढचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बारमुळे गाडी कमी झुकते, म्हणून ती उलटण्याचा धोका तेवढाच कमी झाला असं समजू नका. उलटणं मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी यांवर ठरतं, आणि बार त्यातलं काहीच बदलत नाही. वळणावर आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकावर जातंच. उलट झुकणं कमी दिसलं की वेग आपोआप वाढतो. धारूरच्या घाटात सात माणसं घेऊन जाताना वेग पूर्वीइतकाच ठेवा.

प्रश्न : गाडीच्या मागच्या बाजूला मूळ बारपेक्षा ४ मिलिमीटर जाड स्टॅबिलायझर बार आणि पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) बुश बसवून घेतले. आता गतिरोधकावर करकर आवाज येतो आणि पावसात कन्नडच्या घाटात मागची बाजू सरकते. चूक कुठे झाली?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : मागची बाजू सरकते ती एकटा मागचा बार जाड केल्यामुळे. पुढचा किंवा मागचा, जो बार ताठ, त्या जोडीतल्या वळणाच्या आतल्या चाकावरचं वजन जास्त उचललं जातं आणि त्या जोडीची पकड कमी होते. पुढे हे झालं तर स्टिअरिंग वळवूनही गाडी थोडी सरळ जायला बघते. ते सावरता येतं. मागे झालं तर ओल्या घाटात शेपूट बाहेर पडते. तुमच्या बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतील तर लिंक सर्वांत बाहेरच्या भोकात लावा. बारचा हात (टोकाकडचा वाकलेला भाग) २५ सेंटिमीटरचा २८ झाला की बार सुमारे २० टक्के मऊ होतो. भोकं नसतील तर पावसाळ्यापुरता मूळ बार परत बसवा, ही आमची स्पष्ट शिफारस आहे.

करकर येते ती कोरड्या पॉलियुरेथेनमधून. बुश काढून पुसा आणि आतून सिलिकॉन ग्रीस लावा. नेहमीचं ग्रीस लवकर धुऊन जातं, आणि रबरी बुशला लावलं तर रबर फुगतं. बुशचं भोक नव्या बारच्या मापाचंच हवं. जुना बुश ताणून बसवला असेल तर तो फाटेल.

बसवण्याचा क्रमही तपासून घ्या. एकच चाक जॅकवर असताना बार पिळलेला असतो, तेव्हा लिंक लावू नये. दोन्ही चाकं टेकलेली असावीत किंवा ॲक्सल दोन घोड्यांवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) समान उंचीवर असावा. लिंकचा नट सोडताना बॉलचा दांडा सोबत फिरतो. तो ॲलन की किंवा पान्याने धरावा. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवे घ्यावेत. डी-क्लॅम्प (डी-बुश आवळून धरणाऱ्या पट्ट्या) आधी सैल लावायचे, लिंक जोडायच्या, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून बार मधोमध आणायचा आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळायचं. नटावर रंगाची रेघ मारून ठेवा आणि ५०० किलोमीटरनंतर ती सरकली का पाहा. ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि सायलेन्सर बारपासून दूर आहेत ना, हेही बघा. पुढचा बार बदलाल तेव्हा स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासतो का तेही तपासा.

प्रश्न : गाडी २ इंच उंच करून घेतली आहे. जालन्यात लेथवर जाड स्टॅबिलायझर बार बनवून देतात. चालेल का? गाडी शेतात नेतो.
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. बारला स्प्रिंग स्टील आणि वाकवल्यानंतर उष्णता-प्रक्रिया लागते. साधी सळई पिळली की वाकलेलीच राहते. जुन्या बारला वेल्डिंगही करू नका, तापलेल्या जागी तो तुटतो. शिवाय काळ्या रानातल्या चाकोऱ्यांत जाड बार त्रासच देईल : एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे जाऊन गाडी माणसांची डोकी इकडून तिकडे हलवते. मूळ बारच ठेवा.

उंच केलेल्या गाडीत बहुतेकदा लिंक आखूड पडते. गाडी चाकांवर उभी असताना बारचे हात पूर्वी ज्या कोनात होते, त्याच कोनात येतील इतक्या लांब लिंक लावा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे उंची वाढवण्यासारखे बदल अडचणीत आणू शकतात. त्यामुळे पुढचं काही करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.