कुत्र्याचे जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत आणि इंजेक्शनला खूप त्रास होतो, उपचार बंद करावेत का?

तुम्ही लिहिलंय की लॅब्राडोर चार वर्षांचा आहे, कित्येक महिने पोट बिघडलेलंच आहे, सारखी इंजेक्शनं आणि सलाईन चालू आहे, आता दवाखान्याच्या गल्लीत वळलं तरी थरथरतो, आणि घरचे म्हणतात कुत्रंच आहे, दाबून धरायचं नि टोचायचं. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

उपचार बंद करू नका. पण आहेत ते तसेच चालूही ठेवू नका. तीन आठवड्यांच्या वर जुलाब गेले की ते साधं पोट बिघडणं राहत नाही, त्याचं कारण शोधावं लागतं. कारण न शोधता नुसतं टोचत राहणं ह्याला मी उपचार म्हणणार नाही, कुणाला राग आला तरी चालेल.

आमचा राजा जर्मन शेफर्ड. जुळे सोलापुरात घर, खाली मोठे दीर-जाऊ, वर आम्ही, आणि कुत्रा सगळ्यांचा, म्हणजे खायला घालायला सगळ्यांचा, शी काढायला माझा. दोनेक वर्षांचा असताना त्याचं वजन उतरायला लागलं. खाणं मात्र दुप्पट. ताटली चाटूनपुसून झाली की परत दारात उभा, कुंडीतली माती खायचा, स्वतःची शीसुद्धा खायचा. अंगावरून हात फिरवला की पाठीचे मणके एकेक हाताला लागायचे. शी कशी तर ढीगभर, फिकट पिवळी, मऊ, वरून तेलकट चमक, आणि वास असा की फिनेल टाकून धुतलं तरी अंगणातून जायचा नाही. भाऊजींचं एकच पालुपद, जंत आहेत, जंताचं औषध द्या. दिलं. परत दिलं. मग दवाखाना (नाव सांगत नाही), तिथं मेट्रोनिडाझोल ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि इंजेक्शनं. ती गोळी इतकी कडू की तोंडातून नुसता फेस यायचा. चार दिवस शी बांधून व्हायची, कोर्स संपला की पुन्हा तेच.

आणि ते टेबल. गुळगुळीत स्टीलचं. वर ठेवला की नखं करकर घासायची, चारी पाय चार दिशांना. एकानं मानगूट धरायची, एकानं मागचे पाय, आणि भाऊजी वरून रेलणार. मांडीत सुई गेली की जो ओरडायचा ते बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं, मग घरी दोन दिवस त्या पायाला हात लावू द्यायचा नाही. भाऊजी म्हणायचे नाटकं करतोय. कुत्रा नाटक करत नाही ओ. काही औषधं खरंच झोंबतात, एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक झोंबतं, उलटीसाठी देतात ते मॅरोपिटंट झोंबतं. मॅरोपिटंट फ्रीजमधलं थंड दिलं तर कमी झोंबतं, आणि हे माहीत असलेले डॉक्टर थंडच देतात. म्हणजे दुखणं खरं असतं आणि कमीही करता येतं. आमच्या घरात ह्याच मुद्द्यावरून माझं नि भाऊजींचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी सुई काढलीच नाही, मोबाईलमधले शीचे फोटो मागितले, पाठीवरून हात फिरवला, खाणं किती विचारलं आणि म्हणाले, ताई, हे जंत नाहीत, आपण स्वादुपिंड बघू. उपाशीपोटी रक्त घेऊन बाहेरगावी पाठवलं, टीएलआय नावाची तपासणी असते, कुत्र्यात ते २.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली आलं की निदान पक्कं. राजाचं बरंच खाली आलं. स्वादुपिंड अन्न पचवायचे एन्झाइम बनवतच नव्हतं, कितीही खाल्लं तरी अंगाला काही लागत नव्हतं, म्हणून ती भूक आणि म्हणून तो ढीग. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार बऱ्यापैकी दिसतो, तोही तरुण वयात. महिनोन्‌महिने ज्याला सुया टोचल्या त्याला लागत होती जेवणात कालवायची पावडर! प्रत्येक जेवणात, जन्मभर. जेवण ओलं करून त्यात नीट मिसळायची, कोरडी राहिली तर तोंडात जखमा होऊ शकतात. शिवाय बी-१२ कमी निघालं, ह्या आजारात बऱ्याच कुत्र्यांचं निघतं. त्याची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी सहा आठवडे असतात. मी सरळ विचारलं, तोंडावाटे नाही का चालणार? चालतं. रोज गोळी दिली तरी बी-१२ वर येतं. न विचारता कुणी सांगितलं नसतं.

आता तुमच्या लॅबचं. त्याला हेच असेल असं अजिबात नाही. पण तुम्ही लिहिलेल्यात अन्नाबद्दल एक ओळ नाही, आणि दीर्घ जुलाबांत सगळ्यात जास्त कुत्री नुसतं अन्न बदलून सुधारतात. जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) आणि जंतांसाठी शी तपासून झाली असेल तर आधी अन्न, अँटिबायोटिक नंतर, आणि स्टेरॉइड त्याच्याही नंतर. त्यानं आजवर कधी खाल्लं नाही असं एकच मांस आणि एकच पिष्टमय पदार्थ, किंवा डॉक्टर देतात ते हायड्रोलाइज्ड फूड, म्हणजे प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं खाणं. निदान दोन-तीन आठवडे. ह्या काळात दुसरं काही म्हणजे काही नाही. ग्लुकोज बिस्किट नाही, दूध नाही, चघळायची कांडी नाही, चिकनच्या चवीचं जंताचं औषधसुद्धा डॉक्टरांना विचारून.

इथंच घरोघरी घोडं अडतं. आमच्याकडे रविवारी मटण झालं की भाऊजी कडक भाकरी रश्श्यात चुरून गुपचूप घालायचे, वर शेंगा चटणी लागलेला हात चाटायला द्यायचे, आणि सोमवारी पोट गेलं की म्हणायचे, तुझ्या पावडरीनं काय झालं? रश्श्यात नि चटणीत कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि तेलकट खाऊन स्वादुपिंडाला सूज येऊ शकते ते वेगळंच. प्रेम आहे म्हणून घालतो म्हणतात. प्रेम असेल तर हात आवरा. मी शेवटी त्याच्या खाण्याचा डबा माडीवर नेऊन ठेवला आणि कुत्रा वरच जेवेल असं सांगितलं, दोन महिने जाऊबाई बोलल्या नाहीत, पण राजाच्या बरगड्या झाकल्या गेल्या.

सुईच्या भीतीचं असं करा. टेबलाला नाही म्हणा. आम्ही घरची जुनी सोलापुरी चादर नेतो, जमिनीवर चौघडी घालून अंथरतो, जाड असते, पाय घसरत नाहीत, घरचा वास असतो, निम्मी धडपड तिथंच थांबते. बाटलीच्या रबरातून औषध ओढलेली सुई बोथट होते, टोचायला दुसरी बारीक सुई लावा म्हणून सांगा, लाजू नका, एका सुईचे पैसे ते किती. सलाईन गार नको, अंगाइतकं कोमट हवं. अधूनमधून नुसतं वजन करायला न्या, त्याला चालतं ते काहीतरी खायला द्या आणि न टोचता परत आणा. तरीही फारच घाबरत असेल तर जाण्याआधी द्यायला गॅबापेंटिनसारखं औषध असतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या, माणसांचं सिरप घालू नका, काहींत झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम तर दुखतंय म्हणून कधीच नाही.

घरच्यांना दाखवायचं असेल तर हे दाखवा: चौघांनी दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी जास्त झगडतो, मग डॉक्टरांना पोट नीट चाचपताच येत नाही आणि तपासणी अर्धीच होते. दयामाया बाजूला ठेवली तरी हा तोटाच आहे. भाऊजींना मी हेच सांगत होते.

एक राहिलं. सलाईनला सरसकट नाही म्हणू नका, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, जुलाब लागलेला कुत्रा अशात बघता बघता सुकतो. शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, सारख्या उलट्या, पाणीही न पिणं, किंवा पोट फुगून नुसतेच उमासे येणं, ह्यातलं काही दिसलं तर माझं हे सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री डॉक्टर गाठा. आणि स्टेरॉइड चालू असेल तर हे वाचून अचानक बंद करू नका, ते डॉक्टर सांगतील तसं हळूहळूच कमी करायचं असतं.